खाकी झूल

पोळा, जानेफळ. हजर: सासूबाई, मी, दोन बैल आणि पोलिसातून निवृत्त झालेला कुत्रा.

पोलिसात त्याला सांभाळणारे माझे दीर त्याला कायमचा आमच्याकडे सोडून कामावर परतले होते. परक्याच्या हातचं खायचं नाही, ही त्याला मिळालेली शिकवण. आल्यापासून त्यानं भाकरीला तोंड लावलं नव्हतं.

बैलांना ओवाळून झाल्यावर सासूबाईंनी त्यालाही कुंकू लावलं, पुरणपोळी पुढं केली. "तुयी नौकरी सरली बे. आता घरचा झाला तू. खाय!"

त्यानं त्यांचा हात हुंगला, चाटला, मग खाल्लं.

"पुढच्या पोळ्याले याले झूल शिवजो," त्या मला म्हणाल्या.

मी दिरांचा जुना खाकी शर्ट कापून शिवायला घेतला. पुढच्या पोळ्याआधीच कुत्रा म्हातारपणानं गेला. झुलीच्या तीन बाजू झाल्या आहेत, चौथी शिवायची आहे.