डंपरचा दिवा आणि बाबांचं बोट

आज बाबांनी माझी चांगलीच जिरवली, आणि मला त्याचाच जाम अभिमान वाटतोय!

कांजूरमार्गला आमचं ट्रकचं गॅरेज आहे. सकाळी एक डंपर आला. धुरातलं प्रदूषण मोजणारा सेन्सर दुसऱ्या गॅरेजमध्ये दोनदा बदलूनही डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा जात नव्हता. गाडीला जोडलेला माझा लॅपटॉपही सेन्सरच खराब म्हणत होता. तिसरा मागवायला मी फोन उचलला.

"थांब गं," म्हणत बाबा गाडीखाली शिरले. सेन्सरच्या अलीकडे, पाइपच्या जोडावरून बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट!

"इथून धूर बाहेर येतोय, बाहेरची हवा आत जाऊन धुरात मिसळतेय. सेन्सर बिचारा खरं तेच सांगतोय, तूच ऐकत नाहीयेस."

जोडाचं पॅकिंग बदललं, दिवा गेला.

बाबांना लॅपटॉप उघडताही येत नाही. तुमच्या घरी आहे का रे असं बोट?