तिसऱ्या संघाचा शेवटचा बुधवार

मंगळवारी ऑफिस आटोपून रीडिंगहून साउथहॅम्प्टनची गाडी पकडली, तेव्हा माझ्या पाठीवर सॅक होती आणि दोन्ही हातांत हिरव्या चटणीच्या सँडविचेसच्या पिशव्या. समोर बसलेल्या गृहस्थांनी पिशव्यांकडे पाहून विचारलं, "पार्टी आहे वाटतं?" मी म्हटलं, "मॅच आहे." कुठली, म्हणून त्यांनी विचारल्यावर मी सविस्तर सांगितलं: विद्यापीठांच्या मुलींच्या फुटबॉलमधल्या सगळ्यात खालच्या गटाचा, या मोसमातला शेवटचा सामना, पार नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये. ते "हाउ लव्हली" म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला. इथे "हाउ लव्हली" म्हटलं की विषय संपला, हे मला सतरा वर्षांत कळलेलं आहे.

सई माझी मुलगी. चार वर्षांची असताना पुण्याहून आमच्याबरोबर इकडे इंग्लंडला आली. तिचं मराठी घरात ऐकून आलेलं, त्यामुळे शब्दांची लिंगं ती सोयीप्रमाणे बदलते. आता ती साउथहॅम्प्टनला विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मुलींच्या तिसऱ्या संघाची कॅप्टन आहे. तिसरा संघ म्हणजे वरच्या दोन्ही संघांनी ज्यांना नको म्हटलं त्या मुलींचा. विद्यापीठांचे सामने इथे बुधवारी दुपारी होतात, म्हणून तीन वर्षं मी बुधवारची अर्धी रजा टाकते आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. पण बुधवारी दुपारी कितीही मोठी चूक सापडली तरी मला कोणी फोन करत नाही.

तुम्ही टीव्हीवर पाहता तसलं हे फुटबॉल नव्हे. प्रेक्षक म्हणजे मी, कधी एखादीचा बॉयफ्रेंड, आणि फिरायला आणलेली दोन-चार कुत्री. या मोसमात पहिल्याच सामन्यात आम्ही सात गोल खाल्ले. नोव्हेंबरात घरच्या मैदानावर एक सामना जिंकलो, तेव्हा मी इतकी ओरडले की दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर आवाज फुटेना. फेब्रुवारीत गारा पडत असताना शेवटच्या मिनिटाला बरोबरी साधली आणि चिखलात अकरा मुली एकमेकींवर पडून रडल्या. "आम्ही खाल्ले", "आम्ही जिंकलो" असं मी घरी सांगायला लागले की मिलिंद, माझा नवरा, विचारायचा, "तू कुठल्या जागेवर खेळतेस?"

सई बचावात खेळते, उजव्या कडेला. तीन वर्षांत तिने एकही गोल केला नव्हता. त्याचं आपल्याला काही वाटत नाही असं ती म्हणायची, आणि मी तसं दाखवायची.

या वेळी मात्र सगळंच पणाला लागलं होतं. तळाला राहिलात तर तिसरा संघ बंद, असं विद्यापीठाने मोसमाच्या सुरुवातीलाच कळवलं होतं. बुधवारी नुसती बरोबरी झाली असती तरी आम्ही वाचत होतो. हरलो तर संपलं. सई तशीही या उन्हाळ्यात पदवी घेऊन बाहेर पडणार. पण पुढच्या वर्षी येणाऱ्या, कुणालाच नको असलेल्या मुलींनी कुठे जायचं, हे तिने मनावर घेतलं होतं.

रात्री सईच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपले आणि सकाळी सहाला बसपाशी पोचले. संघाची प्रशिक्षक हेलन, शाळेतून निवृत्त झालेली खेळाची शिक्षिका, दारात उभी राहून डोकी मोजत होती. तिने दोनदा मोजली. यादीत तेरा नावं होती. दोघी पोट बिघडून घरी राहिल्या. "अकरा," हेलन म्हणाली, "म्हणजे नियमाने पुरेशा."

बस निघाली तेव्हा अर्ध्या मुली झोपल्या होत्या. डॉर्सेटमधून जाताना दोन्ही बाजूंना उंच कुंपणाच्या झुडपांशिवाय काही दिसत नाही. मग मध्येच एक फाटक येतं आणि फाटकापलीकडे आख्खी दरी दिसून जाते. एक्सेटरजवळ महामार्गावर थांबून चहा घेतला. टेमर नदी ओलांडली की कॉर्नवॉल लागतं, असं ड्रायव्हरने मागे वळून खास मला सांगितलं, कारण जागी मी एकटीच होते. पुढे बॉडमिनचा माळ आला. झाड म्हणून नाही, काळे खडक, वाऱ्याकडे पाठ करून उभी असलेली तट्टं आणि खाली उतरलेलं आभाळ. ते पाहून मला उगाचच कसंतरी झालं, म्हणून मी सँडविचचा डबा उघडला. वासाने तीन मुली उठल्या. "ग्रीन सँडविच!" मेगन म्हणाली. मेगन आमची मधल्या फळीतली खेळाडू. तिच्या पायात पास आहे, तोंडात कायम खाणं.

अकरा वाजता समुद्र दिसला आणि बस एका छोट्या बंदराच्या गावात शिरली. मैदान वर टेकडीवर होतं. खाली पंधरा मिनिटं थांबलो, तेवढ्यात मी एक पेस्टी घेतली (सारण भरून कडेला मुरड घातलेली, आपल्या करंजीची थोरली बहीण, मी चीज आणि कांद्याची घेतली). दुकानातल्या बाईंनी "काय देऊ, माय लव्हर?" असं विचारलं. दचकू नका, तिकडे अनोळखी गिऱ्हाइकालाही असंच म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं.

"सुट्टीवर आलात?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅचला. आमच्या मुली खेळतायत, वर टेकडीवर."

"मग वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा. वर तो आडवा येतो."

घाईत पहिला घास घेतला आणि जीभ भाजली. ती दुपारभर हुळहुळत होती.

मैदानावर हेलन माझ्याकडे आली. या गटात रेफरी एकच असतो. कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन उभं राहायला प्रत्येक संघाने आपलं एक माणूस द्यायचं असतं. एरवी आमची एखादी राखीव मुलगी ते काम करते. आज राखीव कोणी नव्हतीच.

"तीन वर्षं तू एकही सामना चुकवला नाहीस," हेलन म्हणाली. "ऑफसाइडचा नियम माझ्या खेळाडूंपेक्षा तुला जास्त कळतो."

सई बुटाच्या नाड्या बांधत होती. "आई, यू डोन्ट हॅव टू," ती म्हणाली. "तुला नको असेल तर मी रेफला बोलते." मी झेंडा घेतला. खरं सांगायचं तर मला मान मिळाल्यासारखं वाटलं. इतक्या दिवसांनी मिलिंदच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं.

नियम थोडक्यात सांगते. आपल्या संघातल्या एखादीने चेंडू पुढे ढकलला, त्या क्षणी तो घ्यायला धावणारी मुलगी समोरच्यांच्या शेवटच्या बचावपटूच्या पुढे गेलेली नसावी. गेली असेल तर ऑफसाइड, झेंडा वर. रेषेवरच्या माणसाने त्या शेवटच्या बचावपटूच्या बरोबरीने धावत राहायचं. पास कानांनी ऐकायचा आणि डोळे रेषेवर ठेवायचे, कारण दोन्ही एकदम पाहता येत नाही. रेफरी जाडसर, शांत माणूस होता. त्याने मला एवढंच बजावलं, "झेंडा वर केलात की माझ्याकडे पाहायचं. नजरानजर होईपर्यंत खाली घ्यायचा नाही."

पुण्यात मिलिंद सोसायटीचं क्रिकेट खेळायचा. तिथे फलंदाजी करणाऱ्यांचाच माणूस अंपायर असे आणि पायचीत म्हणून कोणाला कधी बाद देत नसे. यावर आम्ही किती हसलो होतो. त्या टेकडीवर मला ते आठवलं, पण हसू आलं नाही.

पहिल्या अर्ध्यात माझ्या बाजूला त्यांचा संघ हल्ला करत होता. मी दोनदा झेंडा वर केला, दोन्ही वेळा रेफरीने मान डोलावली. एकदा ओल्या गवतावरून पाय सटकला आणि मी सपशेल चिखलात बसले. सगळ्या मैदानाने मला पाहिलं, सईने तोंड फिरवून हसू लपवलं. वारा आडवाच येत होता. त्याच वाऱ्यावर चेंडू वळला आणि त्यांचा एक गोल झाला.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता माझ्यासमोर आमच्या मुली हल्ला करणार होत्या. वेळ संपत आली तशी हेलन ओरडून सगळ्यांना पुढे पाठवायला लागली. सईही आपली जागा सोडून पुढे आली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. आणि मग मेगनच्या बुटाचा आवाज आला.

माझी नजर रेषेवर होती. त्यांच्या शेवटच्या मुलीचा खांदा आणि सईचा गुडघा. सईचा गुडघा अर्धं पाऊल पुढे होता. माझा हात वर गेला. मी ठरवून केला असं म्हणवत नाही. मुलगी आहे, संघ आहे, तळ आहे, हे सगळं मनात यायच्या आत झेंडा वर होता. मग सांगितल्याप्रमाणे मी रेफरीकडे पाहिलं. त्याची पाठ होती. तो वळेपर्यंत मी झेंडा धरून उभी राहिले. मागून मुलींचा ओरडा ऐकू आला, त्यावरून कळलं की गोल झाला. मग तो वळला, त्याने मला पाहिलं आणि शिट्टी वाजवली. ओरडा थांबला.

त्यांच्या एकीनेही ऑफसाइडची मागणी केली नव्हती. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

चार मिनिटांत सामना संपला. शून्य-एक. त्यांची कॅप्टन माझ्यापाशी येऊन म्हणाली, "थँक यू. तुम्ही फार प्रामाणिक आहात." तिने मनापासून म्हटलं असणार. मला मात्र ते चारचौघांत थप्पड बसल्यासारखं लागलं. हेलनने माझ्या हातातून झेंडा घेतला, गुंडाळला आणि म्हणाली, "इट वॉज ऑफसाइड. मीही पाहिलं." मला वाटतं, तिने पाहिलं नव्हतं.

ड्रायव्हरने सीटवर कचऱ्याची काळी पिशवी अंथरून मगच मला बसू दिलं. परतीच्या वाटेवर मी जरा हलले की ती पिशवी चुरचुरायची आणि सगळ्या बसला ऐकू जायची. म्हणून मी हलणंच सोडलं. माळ, नदी, कुंपणं, सगळं उलट्या क्रमाने गेलं. सँडविचेस उरली होती, ती तशीच राहिली.

एक्सेटर मागे पडल्यावर सई माझ्या शेजारी येऊन बसली. मी ऑफसाइड होते का, असं ती विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने ते विचारलंच नाही.

"आई, गोल कसा होता?" ती म्हणाली.

"सुंदर," मी म्हटलं. "अगदी कोपऱ्यात मारलास."

ती माझ्याकडे बघायला लागली. "कोपऱ्यात नाही गं. कीपरच्या पायांमधून." मग हळूच म्हणाली, "तू बघितलाच नाहीस."

"नाही. मी रेषा बघत होते."

"फ्लॅग वर केलास ते ओके आहे, आई. आय न्यू इट. मी थोडा लवकर पळाले." तिचे डोळे भरून आले होते. "पण आत्ता खोटं का बोललीस?"

साउथहॅम्प्टनला उतरल्यावर तिने मला मिठी मारली, माझ्या पँटचा चिखल तिच्या जॅकेटला लागला, आणि ती बाकीच्या मुलींबरोबर गेली. पाठमोऱ्या अकराजणी एकत्र चालत गेल्या. पुढच्या वर्षी तो संघ असणार नाही.

रीडिंगच्या गाडीत मी त्या अर्ध्या पावलाचाच विचार करत होते. उद्या तोच पास आला तर माझा हात पुन्हा वर जाईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याचा मला अभिमान वाटत नाही, आणि पश्चात्तापही होत नाही. वाईट मात्र फार वाटतं. तीन वर्षं, पावसात आणि गारठ्यात, मी त्या मैदानांवर एकाच कारणासाठी गेले: माझ्या मुलीला खेळताना पाहायला. आणि नेमका तिचा एकुलता एक गोल, जो कुठल्याही कागदावर लागणार नाही, तो माझ्याकडून राहून गेला. बसमध्ये खोटं बोलले ते तिला बरं वाटावं म्हणून नव्हे. मी पाहिला नाही, हे मलाच सहन होत नव्हतं. वाटेत बेझिंगस्टोक आलं तेव्हा मी तिला लिहिलं, "मला तुझा गोल सांग. सगळा."

रीडिंगला उतरले तेव्हा तिचा आवाजी निरोप आला होता. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून मी फोन कानाला लावला.

"ओके," सई म्हणत होती. "मेगनने पास दिला. बॉल माझ्या डाव्या पायावर आली. डावा पाय, यू नो, माझा किती वाईट आहे. कीपर पुढे आली, आणि मला काही कळलं नाही, मी फक्त मारलं. बॉल तिच्या पायांमधून गेली, एकदम हळू. इतकी हळू की मला वाटलं पोचणारच नाही. मग नेट हलली. आणि मग मी पहिलं तुझ्याकडे बघितलं."

त्या क्षणी मी रेफरीकडे पाहत होते.