नर्सबाईंच्या कुंडीतला गांजा

नर्सबाईंना सुई टोचतानासुद्धा खोटं बोलता येत नसे. "मुंगी चावल्यागत हुतंय" असं दुसरं कुणी म्हणालं असतं. त्या म्हणत, "दुखणार हाय. माझा हात घट्ट धर." शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळातली सगळी पोरं त्या हाताला धरून ओरडलेली. दवाखान्यातून निवृत्त झाल्यावरही त्यांचं दार दिवसभर उघडं असे. कुणी ना कुणी रक्तदाब बघायला किंवा जखम बांधून घ्यायला आलेलं असायचंच.

पुढं त्यांचे यजमान हाडांच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळले. गोळ्यांनी कळा थांबेनात. कुणीतरी गांजाचं सुचवलं, बीही आणून दिलं. बाईंनी ते गच्चीवर शेवंतीशेजारच्या कुंडीत पेरलं. झाड कमरेएवढं व्हायच्या आतच यजमान गेले. एक पानही तोडायची वेळ आली नाही.

मी तेव्हा नुकतीच वकिली सुरू केली होती. ती कुंडी पाहून हबकलोच.

"बाई, हे उपटा. घरात एक झाड लावलं तरी गुन्हा आहे."

"दुखण्यासाठी लावलं तरी?"

"तरीही. औषधासाठी म्हणून सूट नाही."

त्यांनी तांब्यातलं पाणी कुंडीत ओतलं. "ते हुते तवा लावलंय रे. उपटाय हात हुईना."

कुणीतरी तक्रार केली. पोलीस आले. त्यातला हवालदार पेठेतलाच, बाईंना ओळखणारा. "बाई, पाखरानं बी टाकलं आसंल की," तो हळूच म्हणाला.

"न्हाय. मी पेरलंय."

मीच त्यांचं वकीलपत्र घेतलं. जामीन मिळाला, पण लोकांचं त्यांच्याकडं येणं-जाणं बंद झालं. आया पोरांना बोटाला धरून बोळाच्या पलीकडच्या कडेनं न्यायला लागल्या. मी गेलो की बाई आधी माझा रक्तदाब बघायच्या. मला काही झालेलं नसायचं. पण मीही हळूहळू तारखेपुरताच जाऊ लागलो.

खटला लढवता आला असता. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. गच्ची भाडेकरूंनाही मोकळी होती, बी पेरताना कुणी पाहिलं नव्हतं. मी हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "मग त्या भाडेकरूंवर यायचं. नगं."

त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. वय आणि एकच झाड पाहून न्यायाधीशांनी किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा दिली. बाई दिवसभर मागच्या बाकावर बसून राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या पक्षकारांना सरकून जागा देत होत्या, एका म्हातारीला त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणीही दिलं.

संध्याकाळी कोर्ट उठलं. शिपाई खिडक्या लावायला लागला. "बाई, सुटलासा. जावा आता," तो म्हणाला. मी त्यांची पिशवी उचलली. त्या उठल्या नाहीत.

"बसू दे की जरा," त्या म्हणाल्या. "घरात जाऊन काय करायचं? हितं सकाळधरनं माणसं तर हुती."

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसलो.