बिनमिशांचा खलनायक

लातूरला आमच्या शेजारी एक पेंटर राहतात. पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि हौसेनं एका साप्ताहिकाच्या मुलांच्या पानावर चित्रकथा काढतात. त्यांचा खलनायक सुरुवातीला अगदी बाळबोध होता. झुपकेदार मिशा, लाल डोळे आणि अर्धी चौकट व्यापणारं हसणं. काढता काढता पेंटर स्वतःच तसे हसून बघायचे. मग त्यांची मुलगी आतून म्हणायची, "बाबा, हळू. शेजारी भितील."

ती मुलगी निलंग्याला दिली. वर्षभरात ती सासरी जळून गेली. स्टोव्हचा भडका झाला, असं तिच्या सासऱ्यानं हात जोडून, मऊ आवाजात सांगितलं. केस उभीच राहिली नाही.

पेंटर पाट्या रंगवत राहिले, चित्रकथाही काढत राहिले. खलनायक मात्र बदलत गेला. आधी मिशा गेल्या, मग हसणं गेलं. आता तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालतो आणि भेटेल त्याला नमस्कार करतो.

"काका, हा तर ओळखूच येत नाही," मी एकदा म्हणालो.

"हाव. मलाबी आला न्हाई," ते म्हणाले.

परवा ते नवी चौकट रंगवत होते. खलनायक आपल्या मुलासाठी मुलगी बघायला आलाय आणि मुलीचा बाप वाकून त्याच्या हातात चहा देतोय.

"मग नायक कधी येतो?" मी विचारलं.

"येत न्हाई," ते म्हणाले, आणि बापाच्या चेहऱ्यावर हसू काढू लागले.