आडवा सतरा अन् सरच्या घरचा चहा

आमच्या बाबानं ढोले सरच्या घरचा रविवारचा चहा मी सांगतो त्या रविवारपर्यंत कधी प्यायला नव्हता, अन् त्याचं कारण भांडण नाई, शब्दकोडं हाये.

बाबा देवळीच्या एका शाळेत क्लर्क. ढोले सर तिथंच मराठी शिकवत, आता रिटायर झाले. रविवारच्या पुरवणीत गूढ शब्दकोडं येते. गूढ म्हणजे असं, की उत्तर तर सोडा, प्रश्न काय हाये हेच कळत नाई. दोघायनं आपसात नियम ठरवलेले. पेनानंच भरायचं. कोणाले विचारायचं नाई. छपाईची चूक कळली तर दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगायची (आमच्या पेपरात बातम्या कमी अन् चुका जास्त). ज्याचं आधी पूर्ण होईन त्यानं दुसऱ्याच्या दारात जाऊन म्हणायचं, "झालं का?" मग हरलेल्यानं चहा पाजायचा.

सर रिटायर झाल्यापासून दर रविवारी "झालं का?" आमच्याच दारात ऐकू येते. आई तर आजकाल साडेदहा वाजले की न सांगताच सरचा बिनसाखरेचा चहा चढवते. बाबाले ते फार लागते. इस्त्रीचा शर्ट घालून सरच्या घरापुढच्या छपरीत बसायचं अन् हरलेल्या सरच्या हातचा चहा प्यायचा, एवढंच त्या माणसाचं स्वप्न.

त्या रविवारी साडेनऊलेच बाबाचं एक सोडून सगळं भरून झालतं. शर्ट खुंटीवर तयार.

"पाह्य," बाबा मले म्हणे, "आडवा सतरा. 'शेतात राह्यलेलं वेचलं, उलटं फिरवलं, तर इस्टेट याची.' तीन अक्षरं. कापणीनंतर शेतात उरलेलं काय वेचते माणूस? सरवा. उलटा कर. वारस! आहे का नाई?"

"आहे," मी म्हटलं. (मले काही कळलं नव्हतं.)

"आता फक्त उभा नऊ राह्यला. तू असं कर, सरच्या घरावरून एक चक्कर मारून ये. काई विचारू नोको, नुसतं पाह्यजो."

मी गेलो. सर छपरीत बसले होते, पेनाले टोपण लावलेलं, नजर आभाळात. मी समजलो, झालं. सरचं कोडं पूर्ण झालं, आता चपला घालतीन अन् निघतीन. काहीतरी केलं पाहिजे होतं, अन् ते करायले माझ्यापेक्षा लायक माणूस आख्ख्या देवळीत नव्हता.

कारण मी आवाज काढतो. गॅदरिंगपासून गणपतीपर्यंत, आमदारापासून आटाचक्कीवाल्यापर्यंत कोणाचाही. माझ्या दोस्ताच्या, पप्पूच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो, त्याचा फोन घेतला, नाक जरासं दाबलं अन् सरले लावला.

"नमस्कार. पुरवणीचा सहसंपादक बोलतोय, नागपूरहून. आजच्या कोड्यात आडवा सतरा चुकीचा छापला गेला आहे. दुरुस्त प्रश्न लिहून घ्यावा."

"थांबा, पेन घेतो," सर म्हणे. "हं."

इथं माझी गाडी अटकली. प्रश्न तर मी ठरवलाच नव्हता! पण कलाकार थांबत नसते. "सासऱ्याच्या विहिरीत... जावयाचं घोडं. तीन अक्षरं."

"वा," सर म्हणे. "फार खोल हाये."

पप्पूनं हात जोडले. मी त्याच्या पैशानं समोसा खाल्ला अन् ऐटीत घरी आलो, तर दारातून ढोले सर बाहेर निघून राह्यलेले. मले पाहून म्हणे, "काय कलाकार? तब्येत बरी हाये ना? आवाज बसल्यासारखा वाटते."

आत बाबा अर्ध्या ब्लेडनं 'वारस' खरवडत बसलेले. क्लर्क माणूस, रजिस्टरात खाडाखोड न दिसू देता दुरुस्ती करायची त्यायले तीस वर्षांची सवय.

"सर देवमाणूस हाये," बाबा म्हणे. "संपादकाचा फोन त्यायले आला, तरी नियम म्हणून मले सांगाले आले. आता ऐक. सासऱ्याच्या विहिरीत जावयाचं घोडं."

तो नियम मी साफ विसरलो होतो.

मधल्या काळात उभा नऊ सुटला. पण आडव्या सतरामधे वा, र, स जाऊन आता भोकच पडलं होतं, ब्लेड जरा जास्त चालली होती. बाबा घोड्याच्या मागं लागले. आई सैपाकघरातून म्हणे, "वडनेरले आमच्या बाबाची विहीर हाये. पण तुमचं घोडं कुठं हाये? लग्नातबी टेम्पोत बसून आलते."

"थांब," बाबा म्हणे, "घोडं म्हणजे टेम्पोही असू शकते." अन् समासात 'टेम्पो?' लिहून ठेवलं.

मले पाहवलं नाई. मागच्या अंगणात गेलो, नाक दाबलं, अन् बाबाले फोन लावला. "नमस्कार, सहसंपादक बोलतोय, नागपूरहून. मघाची दुरुस्ती रद्द समजावी."

बाबानं फोन कानाले दाबून धरला. मग म्हणे, "साहेब, तुमच्या हापिसात आमच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज काऊन येऊन राह्यला?"

मी फोन ठेवला. (फोनवर माझंच नाव येऊन राह्यलं होतं, हे नंतर आईनं सांगतलं. पप्पूचा फोन पप्पूकडं होता.)

आत गेलो. बाबानं मारलं नाई. नुसतं विचारलं, "एवढं सांग, उत्तर काय त्याचं?"

"उत्तर नाई बाबा. सुचलं तसं बोललो."

"दीड घंट्यापासून मी घोडं शोधून राह्यलो."

तेवढ्यात दारात सर. हातात भरलेलं कोडं. आईनं सवयीनं चहा चढवला. पण सर "झालं का?" म्हणे ना.

"प्रभाकर," सर बाबाले म्हणे, "याचा आवाज मले पहिल्या नमस्कारातच समजला. दहावीत यानं माह्या आवाजात सांगून आख्खा वर्ग घरी पाठवला होता, तो आवाज मी विसरीन का? मनात म्हटलं, जरा बापाचीबी गंमत पाहू. म्हणून सांगाले आलो. पण सकाळपासून मी आडव्या सतरावरच अटकलो होतो. टोपण लावून बसलतो. अन् इथं आलो तर तुह्या पेपरात दिसलं. वारस. घरी जाऊन भरून टाकलं, मग तासभर मनाले खात राह्यलं. पण हा चहा मले उतरणार नाई. चाल, माह्या घरी."

म्हणजे बाबा सकाळपासून पुढंच होते. मी मदत केली नसती तर साडेदहाले जिंकले असते.

बाबानं इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले, अन् सरच्या छपरीत ताठ बसले. "चहा मात्र हा करीन," सरनं माझ्याकडं बोट दाखवलं. दोघायचं त्यावर लगेच एकमत झालं.

मी केला. दोघायनं एकेक घोट घेतला, अन् एकमेकाकडं पाह्यलं.

"याचा आवाजच बरा," बाबा म्हणे.

"नाई नाई," सर म्हणे, "त्यापेक्षा चहा बरा."

अर्धा तास वाद चालला. शेवटी आवाज एका मतानं हरला. ते मत माझं होतं, कारण चहा मी चाखलाच नव्हता.