दोन सेकंद हलू नका

नेरला पुतणीच्या लग्नाचं रिसेप्शन होतं. मंडपामागच्या कडुनिंबाखाली एक फोटोग्राफर फक्त जोडप्यांचे फोटो काढत होता. उजेड म्हणजे झाडाला गुंडाळलेली बारक्या पिवळ्या दिव्यांची एक माळ. माणूस पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. बटण दाबताना तो स्वतःच श्वास रोखायचा आणि फोटो निघाला की सोडायचा.

"फ्लॅश नाही का?" मी जरा चिडूनच विचारलं. मला जेवायची घाई होती.

"हाये ना बॅगीत. पण फ्लॅशनं साडी दिसते, माणूस नाही दिसत. कमी उजेडात फोटोले वेळ लागते. दोन सेकंद हलू नका." मग कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "एकटा माणूस हलतेच, भाऊ. वहिनीचा हात धरा."

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण चारचौघांत बायकोचा हात धरल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नाही. पण फोटोसाठी म्हटल्यावर कोण हसणार? रांगेत आमच्या आधी असलेल्या दारव्ह्याच्या एका म्हाताऱ्यानंही असाच फोटोसाठी म्हणून बायकोचा हात धरला होता आणि तो सोडायचं विसरून तसाच जेवायला गेला होता.

मी धरला. फोटो निघाला. त्यानं श्वास सोडला, स्क्रीन बघितली. "मस्त आला."

इतका वेळ खांबासारखी उभी असलेली माझी बायको म्हणाली, "भाऊ, मी हालली वाटते. अजून एक काढा."

त्यानं स्क्रीन पुन्हा बघितली नाही. चष्मा कपाळावर नीट सारला आणि श्वास रोखला.