औषधाचे हात

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवा बसून मी ओंजळ पुढे केली होती. मालकीणबाई उभ्याउभ्याच, हातभर वरून लोट्याने पाणी ओतत होत्या. थोडं ओंजळीत, बाकीचं शर्टावर. हातांना फवारणीच्या औषधाचा उग्र वास येत होता. मी मान वर करून म्हणालो, "बाई, अगुदर हात धुवाले पानी द्या."

"पेतं तर पे. तुह्या हातासाठी साबन आनू का आता?"

शेजारी माझा मोठा भाऊ बसला होता. तो हसला. अशा वेळी हसायची आम्हाला सवयच लागली होती.

साल सत्तरच्या पुढचं. सेलूजवळच्या आमच्या गावात, या मालकाच्या वावरात कपाशीवरच्या किडीचं संशोधन चाललं होतं. उभ्या पऱ्हाटीचे पट्टे पाडलेले. प्रत्येक पट्ट्यावर वेगळं औषध, एक पट्टा मुद्दाम बिनऔषधाचा. कशाने बोंडअळी मरते ते बघायचं होतं. शहरातून साहेब यायचे. रबरी हातमोजे घालून बोंडं फोडायचे. माणूस वाईट नव्हता. एका अळीसाठी भर उन्हात वाकून बसून राहायचा.

पंप मात्र आम्हा भावांच्या पाठीवर. बादलीत औषध कालवायला एक काडी असायची. ती सापडली नाही की आम्ही हातानेच ढवळायचो. अळीचं औषध माणसाला कशाला बाधेल, एवढीच आमची अक्कल. आणि सांगणारं कोणी नव्हतं.

विहीर वावरातच होती. तिला आम्ही शिवायचं नाही. पंपासाठी पाणी मालकाचा गडी ओढून द्यायचा. बापाने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, घरातले देव काढले होते. पण मालकाच्या विहिरीपर्यंत ती बातमी पोचली नव्हती. साहेबाला काचेचा ग्लास. आम्हाला ओंजळ.

त्या दुपारी भाऊ पाणी पिऊन उठला, पंप चढवला आणि थोड्या वेळाने पट्ट्याच्या मधोमध खाली बसला. तोंडातून लाळ. अंग घामाने चिंब. मग उलट्या. मी बोंबलत सुटलो. साहेब धावत आले. "हा कोणत्या पट्ट्यात होता?" डॉक्टरला सांगायला ते लागणारच होतं, त्याचा राग नाही. पण आम्ही भावाला बैलबंडीत घालत होतो तेव्हा ते मालकाला हळूच म्हणाले, "पट्टा अर्धाच राहिला. दुसरा माणूस मिळेल ना?"

त्याचा राग आहे. अजून आहे.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरने भावाची बोटं हुंगली.

"पाणी कशाने प्यायला हा?"

"ओंजळीनं."

"हात न धुता? अरे, सगळं विष पाण्याबरोबर पोटात गेलं."

आजा असाच प्यायला, बाप असाच प्यायला. बाकड्यावर बसून मी माझे हात बघत राहिलो. लोटा बाटेल म्हणून तो आमच्या हातात येत नव्हता. तेवढ्यासाठी माझा भाऊ आत पडला होता. इतकी वर्षं ओंजळ पुढे करायची लाज मला वाटत होती. ती माझी नव्हतीच, त्यांची होती. एवढी साधी गोष्ट कळायला भाऊ मरणाच्या दारात जावा लागला.

भाऊ वाचला. पण त्याचे हात थरथरायला लागले, ते कायमचे.

मालकाचा निरोप आला, "पट्टा राह्यला हाये, येजो." मी गेलो. घरात चूल पेटायला हवी होती. दुपारी बाई लोटा घेऊन आल्या.

"बस."

मी बसलो नाही. पाठीवर पंप तसाच.

"लोटा हातात द्या, बाई. अन् साबन."

पलीकडून मालक ओरडला, "काऊन बे, लय माजला का?"

"तहान लागून राह्यली. पन ओंजळ नाई करत."

साहेब हातमोज्यात बोंड धरून उभे होते. ते बोंडाकडेच बघत राहिले. मी पंप उतरवून धुऱ्यावर ठेवला आणि निघालो. मागून साहेबांचा आवाज आला, "अरे, पंप भरलेला आहे अजून!"

घरापर्यंत घसा कोरडाच. छातीबिती फुगली नव्हती. थकवा होता नुसता. पुढे मालकाने गावात मला कोणाकडेच काम मिळू दिलं नाही. जाम गावाला जाऊन सडकेची खडी फोडली.

संशोधन पुरं झालं म्हणतात. चांगलं औषध कोणतं, ते ठरलं असेल. भाऊ चहाची बशी दोन्ही हातांनी धरतो, तरी सांडते. मी पुसतो. असंच पुसताना त्याने एकदा विचारलं, "मालकानं परत बलावलं तर जाशीन का रे?"

"लोटा हातात देल्ला तर जाईन. नाई तं खाऊ दे अळीले त्याचं वावर."